तुम्ही विचारलंत म्हणून: डेट्रॉईट हे नाव कुठलं?

आमच्याकडे ट्रॉयला, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या उपनगरात, पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बहुतेक वेळा गाडीतच, हा प्रश्न येतो. "डेट्रॉईट हे नाव इंग्रजी वाटत नाही. कुठलं?"

फ्रेंच. 'देत्र्वा' म्हणजे सामुद्रधुनी, दोन मोठ्या पाण्यांना जोडणारी चिंचोळी वाट. इथे ती सेंट क्लेअर आणि ईरी या सरोवरांमध्ये आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी पुढे तिला डेट्रॉईट नदी करून टाकलं, म्हणजे झाली 'सामुद्रधुनी नदी'. पलीकडच्या काठावर कॅनडा, आणि तोही दक्षिणेला! पाहुण्यांना हे पटवायला फोनमधला नकाशा काढावा लागतो.

इतक्यावर थांबलो तर मात्र उत्तर अर्धंच राहतं.

२४ जुलै १७०१ रोजी कॅडिलॅक नावाचा फ्रेंच अधिकारी शंभरेक माणसं घेऊन होडक्यांतून इथे उतरला. बीव्हर या केसाळ पाणप्राण्याच्या कातड्यांचा व्यापार हातात ठेवायचा आणि इंग्रजांना वरच्या सरोवरांकडे फिरकू द्यायचं नाही, असे दोन हेतू. त्याने लाकडी किल्ला उभारला आणि दोन दिवसांत सेंट ॲन चर्चचा पाया घातला. जागा ओसाड नव्हतीच. इथल्या मूलनिवासी अनिशिनाबे लोकांचं नदीच्या या वळणाला स्वतःचं नाव होतं, आणि कॅडिलॅकने ओडावा, ह्युरॉन, पोटावाटोमी या मूलनिवासी जमातींना शेजारी वसायला बोलावलं, कारण कातडी आणणार तेच होते.

हा गृहस्थही मजेशीर. जन्मनाव आंत्वान लोमे, खानदान वगैरे काही नाही. अमेरिकेत आल्यावर त्याने स्वतःला 'द ला मोत कॅडिलॅक' करून घेतलं, वर एक कुलचिन्हही तयार केलं. दोनशे वर्षांनी मोटार कंपनीने त्याचं नाव घेतलं आणि त्याच चिन्हावरून आपलं बोधचिन्ह बेतलं. लोकांच्या दारात उभी असते ती खानदानी कॅडिलॅक, तिचं खानदान हे असं.

१७६० मध्ये ब्रिटिश आले, १७९६ मध्ये अमेरिकन. १८०५ च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं. त्यामुळे फ्रेंच घरं, फ्रेंच गल्ल्या पाहायच्या म्हणून कोणी आलं तर मी काही दाखवू शकत नाही. मी दाखवतो रस्ते.

फ्रेंचांनी इथे शेतं पट्ट्यांसारखी पाडली होती. नदी हाच हमरस्ता, त्यामुळे प्रत्येकाला काठ हवा. मग रुंदी दोन-तीन अरपां आणि लांबी चाळीस. एक अरपां सुमारे १९२ फुटांचा, म्हणजे पाचशे फूट रुंद आणि दीड मैल लांब असं शेत! घर काठावर, मागे फळबाग, मग पिकं, शेवटी जंगल. वारसाहक्कात मुलामुलींना सारखा वाटा, आणि वाटणी करायची तर उभीच, नाहीतर कोणाचं तरी पाणी तुटणार. माझी आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे वाटण्या इथेही झाल्याच."

शहर वाढलं तशी शेतं विकली गेली, त्यांच्या कडेने रस्ते निघाले आणि शेतमालकांची नावं रस्त्यांना चिकटली: बोबियन, रिव्हार्ड, रिओपेल, सेंट ऑबिन. हे सगळे नदीशी काटकोनात, म्हणून नकाशात तिरके दिसतात. उत्तरेकडे गेलात की अमेरिकन मोजणीचे सरळ पूर्व-पश्चिम 'माईल रोड' सुरू होतात. दोन राजवटींचा सांधा स्टिअरिंग वळवताना हाताला कळतो.

आमच्या ट्रॉयच्या पूर्व हद्दीवरचा रस्ता डिक्विंडर, तेही अशाच एका शेताचं नाव. नवीन असताना मी त्याचा झोकात फ्रेंच उच्चार केला होता आणि ऑफिसातल्या कोणालाच कळला नव्हता. इथे रस्त्यांची फ्रेंच नावं ग्रॅशिट, लिव्हरनॉय, कॅजू अशीच म्हणायची. हे चुकीचे उच्चार नव्हेत, ते आता इथलेच झालेत.

पाहुण्यांना वेळ असेल तर नदीकाठाहून ईस्टर्न मार्केटकडे डिक्विंडर कटवरून चालत नेतो. पूर्वीचा रेल्वेचा खंदक, आता पायवाट. वाटेत दोन गोष्टी सांगतो, त्या फारशा सुखाच्या नाहीत. रस्त्यांना नावं देणाऱ्या यांतल्या काही घराण्यांकडे गुलाम होते, मूलनिवासी आणि आफ्रिकीही. आणि शेजारचा 'ब्लॅक बॉटम' हा भाग: नाव पडलं म्हणतात ते काळ्या सुपीक मातीवरून, फ्रेंचांच्या काळात. विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांना दुसरीकडे घर मिळेना म्हणून ते इथे दाटीवाटीने राहिले, आणि मग शहराने ती वस्तीच पाडून तिच्यातून महामार्ग काढला.

एवढं ऐकून गेल्या उन्हाळ्यात एका काकांनी विचारलं, "आणि पलीकडे, कॅनडात?" तिथेही तसेच पट्टे होते. काठ दोन असले तरी वसाहत एकच होती, सरहद्द नंतर आली. विंडसरमध्ये अजून फ्रेंच बोलणारी घरं आहेत. काकांना लगेच पलीकडे जायचं होतं, पण त्यांच्याकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता.