स्वप्नातल्या जिप्सीत मागे कोणी बसलं नव्हतं

रविवार, रात्री. गणेशपूर.

मारुतीची जुनी जिप्सी दारात आल्यापासून मी काम करते त्या पतसंस्थेत येणारे खातेदारसुद्धा ठेवीचं, कर्जाचं नंतर बोलतात, आधी गाडीचं विचारतात. "मॅडम, झालं का मनासारखं?" मी हो म्हणते आणि पावती पुढे करते. खरं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही. आज घरच्यांना घेऊन जांबोटीपर्यंत जाऊन आलो. परत येतानाच ठरवलं, झोपायच्या आधी हे नीट लिहून काढायचं.

ही इच्छा शाळेच्या वाटेवरची. गणेशपूर कॅम्पाला लागून. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, कमांडोंचं प्रशिक्षणही बेळगावात, त्यामुळे लष्कराच्या गाड्या आम्हाला रोजच्याच. शक्तिमान ट्रकांची रांग जायची, धूर नाकात बसायचा, आणि मग एखादी हिरवी जिप्सी यायची. हूड मागे गुंडाळलेलं, पुढची काच कधीकधी बॉनेटवर आडवी टाकलेली, चालवणारा जवान ताठ. मी तेव्हा नववीत. आमच्या गल्लीत चारचाकी म्हणजे अ‍ॅम्बॅसडर नाहीतर फियाट, तीही मोजक्या घरांत, आणि चालवायला बसलेली बाई मी पाहिलीच नव्हती. जिप्सी दिसली की डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. वेंगुर्ला रोड, हिंडलगा मागे पडलेला, सुळग्याच्या पुढे दोन्ही अंगांना पोसवलेलं भात, हूड काढलेलं, गाडी मी चालवतेय आणि 'कुठं चाललीस गे?' असं विचारणारं कोणी नाही.

हे चित्र कॉलेजात राहिलं, लग्नानंतर राहिलं, पतसंस्थेत चिकटल्यावरही राहिलं. मधल्या वर्षांत मारुती ८०० चालवली, मग स्विफ्ट आली, ती अजून आहे. २०१९ साली नवी जिप्सी बाजारात मिळायची बंद झाली. एबीएस, एअरबॅग सक्तीचे होत होते, त्या नियमांत ती बसत नव्हती. त्या बातमीने मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. २०२३ साली पाच दारांची जिम्नी आली. ती बघून आलो, चालवून पाहिली, पॉवर स्टीअरिंग, एसी, सगळं व्यवस्थित, आणि हे तर बुकिंग करूनच टाकूया म्हणत होते. पण तिच्याकडे बघून मला शाळेची वाट आठवत नव्हती.

शेवटी चंदगड तालुक्यातल्या एका काजूवाल्याकडे ही मिळाली. पांढरी जिप्सी किंग, एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी, १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ८० हॉर्सपॉवर. चंदगडात आमची सोयरीक, त्यांचा बाजार आमच्या खडेबाजारात, पण गाडीची पाटी एमएच ०९. मग कोल्हापूरहून एनओसी आणा, इथं आजीवन कर भरा, तपासणी करून घ्या, तेव्हा केए २२ नंबर पडला. शिवाय पंधरा वर्षं ओलांडलेली गाडी, म्हणजे दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नूतनीकरण. सीमेवरच्या माणसाला ह्या कागदांची सवय असते.

आता चालवण्याचं. हमरस्त्यावर माझी अपेक्षा पुरी झाली नाही, हे सरळ लिहिते. निपाणीला लग्नाला गेलो तेव्हा काकती सोडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि वाटलं, आता. पण सत्तरच्या पुढे हूडचं कापड फडफडायला लागतं आणि ऐंशीला शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा, पुढेमागे सलग अ‍ॅक्सल, आणि गाडीचं वजन टनाच्या आसपास. वंटमुरी घाटात मोठा ट्रक शेजारून गेला की हवेच्या झोताने गाडी हलते आणि स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. त्या स्टीअरिंगला पॉवर नाही. चालत्या गाडीत ते जाणवत नाही, पण मारुती गल्लीत गाडी लावायची तर खांदे भरून येतात. तिच्यात काही बिघाड आहे म्हणून असं होत नाही. ती ज्या कामासाठी बांधली ते काम हमरस्त्यावर नसतं, एवढंच. मी मात्र चौदाव्या वर्षी रस्त्याच्या कडेला उभी राहून तिला बघितलं होतं, आणि कडेला उभं राहणाऱ्याला गाडी दिसते, तिच्यात बसल्यावर काय होतं ते दिसत नाही.

पण आवाज, हादरे, खांदे हे सगळं मी सोसलं असतं, आनंदाने सोसलं असतं. आजची गोष्ट वेगळी.

कणकुंबीला माऊलीच्या दर्शनाला निघालो होतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बरेच दिवस म्हणत होत्या, मलप्रभेचा उगम आहे तिथं, एकदा पावसाआधी जाऊन येऊ. त्यांना पुढं बसवलं, कारण मागं चढायला त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. पुढंसुद्धा पाय एवढा वर उचलायचा म्हणजे ह्यांनी कंबरेला आधार दिला तेव्हा जमलं. हे आणि लेक मागे. जिप्सीच्या मागच्या बाजूला दोन बाकं, एकमेकांकडे तोंड करून, म्हणजे बसणारा गाडीच्या दिशेला आडवा. किणये सोडलं, वळणं सुरू झाली, आणि आरशात बघितलं तर लेकीने एका हाताने वरची दांडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने वडिलांचा दंड. कोणी काही बोललं नाही. आत्याबाईंच्या मांडीवर नैवेद्याचा डबा, तो त्यांनी दोन्ही हातांनी असा धरला होता की स्वतःला धरायला हात उरला नव्हता. कुसमळीचा पूल ओलांडला तेव्हा मी वेग चाळिसावर आणला होता.

जांबोटीला चहाला थांबलो. आत्याबाई बाकड्यावर टेकल्या, पाठीला हात लावला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बाय, तू जाऊन ये वरती. मी हितंच बसतो."

इतकी वर्षं ते चित्र मी जपलं, त्यात रस्ता होता, भात होतं, वारा होता. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं आणि मागे तर मी कधी वळून पाहिलंच नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलीच्या चित्रात सासूचे गुडघे कुठून येणार? पण त्या मुलीला जे हवं होतं ते पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाईने विकत घेतलं, आणि ह्या बाईच्या गाडीत माणसं असतात.

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी होते, तेवढ्यात एक साठीच्या पुढचे गृहस्थ गाडीजवळ आले. पांढरी टोपी, चालणं अजून कवायतीचं. मागच्या स्टेपनीवरून हात फिरवला, वाकून पुढच्या चाकाचा हब बघितला. मराठा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, नोकरीची बरीच वर्षं ड्रायव्हर. खानापूर, चंदगड, बेळगाव ह्या पट्ट्यात असा माणूस नाही असं गाव सापडायचं नाही. त्यांनी राजौरीच्या बाजूला जिप्सी चालवलेली. रात्री दिवे न लावता घाट उतरायचा, पुढच्या गाडीच्या मागचा बारीक उजेड तेवढा धरून. मी त्यांना भाबडेपणाने माझी शाळेची वाट सांगितली, ताठ बसलेला जवान, मोकळं हूड, सगळं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "वैनी, तुमी बघितल्यासा तो आमीच. पर ह्या गाडीत आमी बसलो न्हाई. सायबाला बसवलं."

मला काय बोलावं सुचेना. ज्या माणसाकडे बघून मला वाटलं होतं की ह्याला कोणी काही विचारत नाही, जाईल तिकडे जाईल, तो हुकमावर चालला होता. त्याने ती दिशा निवडलेली नव्हती.

ह्यांनीच सुचवलं की तुम्ही या आमच्याबरोबर, वरच्या बागेपर्यंत. माझ्या माहेरची काजूची बाग जांबोटीच्या वर आहे. काल वळीव झोडपून गेलेला, तांबड्या मातीची वाट निसरडी, त्यामुळे वर न्यावी की नको असं माझं चाललं होतं. हवालदार ड्रायव्हरच्या दाराशी येतील असं वाटलं, मी किल्लीही पुढं केली. ते म्हणाले, "नको. मी सायबाच्या शिटावर बसून बघतो. तुमी चालवा."

वाटेच्या तोंडाशी त्यांनी मला खाली उतरवलं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध जी गोल कळ असते ती हाताने फिरवून हब लॉक करायचे, म्हणजे पुढची चाकंही जोर घेतात, मग आत बसून गिअरच्या मागचा छोटा दांडा लो मध्ये टाकायचा. हे मला पुस्तकी माहीत होतं. ते मातीतच का करायचं, हे त्यांनी सांगितलं. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, आणि ह्या गाडीत तो फरक सोडवणारं यंत्र मध्ये नाही. सुक्या डांबरावर चारही चाकांना जोर देऊन वळलं तर सगळं एकमेकांत ताठून बसतं. मातीत चाक जरासं घसरतं आणि ताण सुटतो. "मातीच गाडीला मोकळं करते," असं म्हणून ते 'सायबाच्या' सीटवर चढले.

लो मध्ये पहिला गिअर. त्यांनी सांगितलं, पाय काढा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी चढत राहिली, माणसाच्या चालीने. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये एका ठिकाणी पाणी वाहून वाट खचलेली. तिथं डावं चाक खाली गेलं, गाडी कलली, आणि पुढच्या चाकांनी तिला अलगद वर ओढून घेतलं. माझ्या हातांना ते कळलं, बसल्या जागी पाठीच्या मणक्याला कळलं. ओरडावंसं वाटलं इतका आनंद झाला. हमरस्त्यावर जे शोधत होते ते ह्या वेगात होतं, आणि ह्या वेगाचं मी कधी स्वप्नच पाहिलं नव्हतं. हवालदार समोर न बघता बाजूला बघत होते, झाडांकडे, खाली दिसणाऱ्या जांबोटीकडे. बागेत पोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "हितनं लई दिसतंय की."

२०१७ साली लष्कराने ३,१९२ सफारी स्टॉर्म मागवल्या, तेव्हा जिप्सी आता जाणार असं सगळीकडे छापून आलं होतं. हवालदारांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. गाडी जाते, दुसरी येते, ड्युटी तीच, म्हणाले. हळहळ माझ्यासारख्या बाहेरून बघणाऱ्यांना.

खाली आलो तेव्हा आत्याबाईंनी नैवेद्यातला एक लाडू हॉटेलवाल्याच्या पोराला दिला होता आणि बाकीचा डबा घट्ट लावून ठेवला होता. कणकुंबी राहिली ती राहिलीच. येताना मी सावकाश आणली गाडी.

मंगळवार.

संध्याकाळी गाडी उद्यमबागेत मेस्त्रींकडे नेली. शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेलेले आहेत, पाट्यांचे बुशही बदलायला हवेत. टायरमध्ये हवा खूप जास्त निघाली. एवढ्या हलक्या गाडीला कमी हवा पुरते, निम्मे हादरे त्यामुळेच बसत असतील असं त्यांचं म्हणणं. एक चक्कर मारून आल्यावर म्हणाले, "अक्का, गाडी चलो ऐत्रि (चांगली आहे). पर ही मऊ हुणार न्हाई." मला हे स्पष्ट बोलणं आवडलं. शेजारच्या शेडमध्ये पुढच्या दोन्ही दारांखाली पायरी आणि आत धरायला दांडी करायला टाकली.

शुक्रवार, रात्री.

पायरी बसली. आत्याबाईंना अंगणात चढून बघायला सांगितलं. दांडी धरून त्या एकट्या चढल्या, उतरल्या, परत चढल्या. मला वाटलं, जमलं. मग घरात आल्यावर म्हणाल्या, "पायरी झ्याक झालीय. पर मी कणकुंबीला स्विफ्टमधनंच येतो. तू तुझी गाडी घेऊन फुडं हो."

मला लागलं. थोडा वेळ मागच्या दारी जाऊन उभी राहिले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. पाठ त्यांची, बसायचं त्यांना. माझं प्रेम त्यांच्या मणक्याने का सोसावं? गाडी विकायचा विचारही ह्या चार दिवसांत येऊन गेला, पण त्या लो गिअरमधल्या चढाची आठवण आली की तो टिकत नाही. ती मला हवी आहे, हे मी आता घरात स्पष्ट सांगितलंय. ह्यांनी मान डोलावली. ते आईला घेऊन स्विफ्टने येणार, मी जिप्सीने पुढे जाणार.

लेक म्हणाली, मी मम्मीबरोबर, पण पुढं बसणार. आणि वरच्या वाटेला हब मला फिरवू द्यायचे, असंही तिने आधीच कबूल करून घेतलं. रविवारी सहाला निघायचं ठरलंय, ऊन चढायच्या आत कणकुंबी गाठायला हवी. उद्या हूडची एक शिवण उसवली आहे ती शिवून घ्यायची.