तळातल्या गोगलगाईचं बालपण

बॉस्टनच्या प्रयोगशाळेत माझं काम गाळ निवडण्याचं. अटलांटिकच्या तळातून आलेला चिखल जहाजावरच चाळलेला असतो. चाळणीवर उरलेलं अल्कोहोलमधून आमच्याकडे येतं आणि मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशने मी त्यातले जीव वेगळे करते. बेंथोनेला टेनेला ही गोगलगाय त्यात वरचेवर सापडते. जेमतेम तिळाएवढी, पातळ, पांढुरकी. जेफ्रीज या ब्रिटिश शंखतज्ज्ञाने १८६९ मध्ये तिचं वर्णन केलं. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने ३०० फॅदमच्या खाली, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या खाली, जीव नसावेत असा अंदाज मांडला होता. माझ्या बशीतला चिखल ३,००० मीटरवरचा होता.

त्या दिवशी एक अखंड शंख मिळाला. तळातले शंख बहुधा टोकाकडे झिजलेले असतात, आणि नेमकं टोकच महत्त्वाचं. शंख वाढतो तो तोंडाकडून, त्यामुळे टोकाशी लहानपणाचे वेढे जसेच्या तसे राहतात. सोन्याचा अतिपातळ मुलामा देऊन तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला. पडद्यावर टोक आलं आणि मी खुर्चीतून उठलेच. इवल्याशा, घट्ट वेढ्यांवर रेखीव नक्षी, आणि मग एका रेषेपाशी ती एकदम संपलेली. पुढे सगळा मोठेपणीचा शंख.

अंड्यातला बलक खाऊन वाढणाऱ्या पिल्लाचं टोक बोथट असतं, वेढे एक-दोनच. इतके बारीक वेढे म्हणजे हे पिल्लू पाण्यात तरंगत, स्वतः खात वाढलेलं. पण ३,००० मीटरवर, जिथे उजेडच पोचत नाही, तिथे वनस्पती-प्लवक, म्हणजे उजेडावर वाढणाऱ्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, खाणार कुठून?

उत्तर १९८५ मध्ये किलिंग्ली आणि रेक्स या संशोधकांनी शंखातल्या ऑक्सिजनवरून दिलं होतं. उबदार पाण्यात बनलेल्या शंखाच्या चुन्यात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार, कमी असतो, आणि हिच्या लहानपणीच्या शंखात तो तसाच कमी निघाला. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल असं हे पिल्लू तळातून पृष्ठभागापर्यंत चढतं, तिथे खातं, प्रवाहाबरोबर दूर जातं आणि पुन्हा अंधारात उतरतं. हा पेपर मी आधी वाचलेला होता. पण ती रेषा डोळ्यांसमोर असताना त्यातला प्रत्येक आकडा मला नव्याने पटला.

ऑक्सिजनच्या तपासणीसाठी सहकाऱ्याने शंख मागितले. त्यात शंख ॲसिडमध्ये विरघळवावा लागतो. मी त्याला टवके उडालेले निवडून दिले. अखंड शंख मात्र क्रमांक घालून संग्रहात ठेवला.