पुरापेक्षा पन्हळ वाईट

नाशिक, ज्येष्ठ अखेर

गोदेला पाणी चढलं की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, मग सराफ बाजाराकडे, मग सरकारवाड्याच्या पायऱ्यांकडे. पेशवाईतल्या या वाड्याला काळ्या दगडाचं एवढं उंच जोतं कशाला, ते नदीच सांगते. 1969 चा पूर अजून लोकांच्या बोलण्यात येतो. पण पूर दोन-चार दिवसांत ओसरतो आणि दगडी जोतं ते सोसतं. वाड्याचा खरा घात वरून गळणारं पाणी करतं.

चौकाभोवतीचा भार सागवानी सांगाड्यावर असतो: बुडाशी बैठकीचा दगड म्हणजे तळखडा, त्यावर खांब, खांबावर हस्त म्हणजे तुळई पेलणारा आडवा लाकडी आधार, हस्तावर तुळई, वर कड्या आणि पाट म्हणजे फळ्या. खांबाने जमिनीची ओल पिऊ नये म्हणून तळखडा दगडाचाच. जुन्या कारागिरांनी खालची वाट अशी बंद केली. वरची मात्र दरवर्षी निगा राखण्यावर सोडली, आणि निगाच राहत नाही. चौकाच्या कोपऱ्यात छपराचे दोन उतार मिळतात, तिथली पन्हळ, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारी नाळी, पानांनी तुंबते. पाणी मागे फिरून भिंतीत उतरतं, मातीतलं बांधकाम भुसभुशीत होतं आणि भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक कुजू लागतं. बाहेरून रंग शाबूत, आत भुसा.

परीक्षा सोपी आहे. टोकाशी हातोडी हलकी मारावी. निरोगी लाकूड टणक वाजतं, कुजकं बद्द. शंका आली तर दाभण टोचून बघावं. दुरुस्तीत आधी टेकू, मगच करवत. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा, तुळईच्या उंचीच्या निदान दुपटीइतका लांब तिरपा सांधा करून मुरलेल्या सागाचा तुकडा जोडायचा, आणि टोकाभोवती बोटभर फट हवेसाठी ठेवायची. ती फट गिलाव्याने बुजवणारा गवंडी सगळ्या कष्टावर पाणी ओततो.

सिमेंटचा गिलावा तर नकोच. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडत नाही, क्षार साचून पापुद्रे सुटतात, आणि भिंत जुनी म्हणून दोष तिच्यावर. गिलावा चुन्याचाच: एक भाग मुरवलेला चुना, दोन ते तीन भाग वाळू आणि सुर्खी (विटांची पूड) मिळून, आणि आठवडाभर पाण्याचा हबका. वेळ लागतो, हे खरं.

पन्हळीत किंवा भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नये. मुळासोबत दगडाचा सांधा उघडतो. बुडाशी कापून मूळ मारावं, आणि वाळल्यावरच ती फट चुन्याने भरावी.