आमची वाटचाल : खानापूरचे नऊ दिवस

टिळकवाडीत एका खोलीत दुकान मांडलं. पतसंस्थांच्या पिग्मीचं, म्हणजे एजंट रोज गोळा करतात त्या छोट्या ठेवींचं सॉफ्टवेअर. बेळगाव, खानापूर, निपाणी. धंदा बरा चालला. पण सांगायचं आहे ते त्या मार्चचं.

खानापूरच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर आम्ही सेंटॉस या लिनक्स सिस्टिमच्या आवृत्ती ६ वरून ७ वर नेला होता. मार्चएंडच्या गर्दीत, संध्याकाळी एजंट मशीन घेऊन आले की मारियाडीबी, म्हणजे सगळा हिशेब ठेवणारी डेटाबेस, मान टाकायची. लॉगमध्ये एरर २४, टू मेनी ओपन फाइल्स, म्हणजे एका वेळी उघडता येतील त्याहून जास्त फाइली. सिस्टिमच्या मर्यादांच्या फाइलीत, लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये, ६५५३५ लिहिलं, डेटाबेसच्या माय डॉट सीएनएफमध्येही लिहिलं, सर्व्हर रीबूट केला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

तेवढ्यात एका मोठ्या कंपनीचा माणूस संचालकांना भेटून गेला. डिस्क खराब आहे, नवा सर्व्हर घ्या, म्हणाला. हीच हाकाटी बाहेरही झाली आणि त्या पंधरवड्यात आमच्या तीन संस्था गेल्या. पैशाचं सोडा, पण डिस्क न तपासता खराब ठरवणं मला आजही पचत नाही.

व्यवस्थापक काका तेवढे म्हणाले, "तू बघ की निवांत. पिग्मी मी वहीत उतरून घेतो."

नवव्या रात्री डेटाबेसच्या चालू प्रोसेसचा नंबर काढून प्रॉकमधली, म्हणजे लिनक्स चालू प्रोसेसची माहिती दाखवतं त्या फोल्डरमधली, तिची लिमिट्स फाइल उघडली. सॉफ्ट, म्हणजे सध्या लागू मर्यादा, १०२४; हार्ड, म्हणजे ती वाढवायची कमाल हद्द, ४०९६. माझे ६५५३५ तिथवर पोचलेच नव्हते! लिमिट्स डॉट कॉन्फ लॉगिन करणाऱ्याला लागू होतं, सिस्टिमडीनं, म्हणजे ७ मध्ये सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमनं, उठवलेल्या सर्व्हिसला नाही. सेंटॉस ६ वर डेटाबेस सुरू करणारी स्क्रिप्ट, मायएसक्यूएलडी सेफ, रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्कानं मर्यादा वाढवून द्यायची. ७ वर तीच स्क्रिप्ट मायएसक्यूएल नावाच्या साध्या युजरनं चालते, तिला हार्डच्या वर जाता येत नाही. त्यात आमची टेबलं शाखेगणिक, वर्षागणिक वेगळी. ती मायआयसॅम या साठवणीच्या प्रकारातली; त्यात एका टेबलाला डेटाची एक, इंडेक्सची एक फाइल, आणि प्रत्येक कनेक्शनचं सॉकेटही त्याच हिशेबात. सिस्टिमसीटीएल एडिट या कमांडनं सर्व्हिसची सेटिंग उघडली, सर्व्हिसखाली फाइलींची मर्यादा, लिमिटएनओफाइल, ६५५३५, रीस्टार्ट. संपलं.

नव्या पोरांनो, कॉन्फिग फाइल काय म्हणते ते राहू दे, चालू प्रोसेसला विचारा. टेबल ओपन कॅशे, म्हणजे डेटाबेस किती टेबलं उघडी ठेवते तो आकडा, वाढवायच्या आधी फाइलींची मर्यादा मोजा. आणि मार्चच्या तोंडावर अपग्रेड कुणी कितीही गळ घातली तरी करू नका.

दुसऱ्या दिवशी काका वाचत गेले, मी भरत गेलो. नऊ दिवसांची वहीतली बेरीज नि स्क्रीनवरची बेरीज, रुपयाचाही फरक नाही. काकांनी तिथूनच संचालकांना फोन लावला. "नवा सर्व्हर नको. आपला हाय तोच ठेवूया."