टेमघर ते संगम, मुठेच्या काठाने

जानेवारीतला रविवार, उजाडायच्या आत पुण्यातनं निघालो, गाडीत जाळी, पांढरा ट्रे, ऑक्सिजन मीटर आणि काचेच्या बाटल्यांचा खोका, तो मांडीवर सांभाळायचं काम अर्थातच माझं. नदीची तब्येत बघायची तर ती धडधाकट असताना कशी दिसते ते आधी बघायला हवं, म्हणून सुरुवात वरनं.

टेमघर धरणाच्या खाली, मुठा गावाजवळ पाण्यात उतरलो, पायाला नुसत्या झिणझिण्या. खळाळातला दगड उलटा केला तर खाली मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं, तीन शेपट्या, पोटाच्या कडेचे कल्ले हलतायत, शेजारी वाळूचे कण चिकटवून घर बांधलेली कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याची अळी. यांना ऑक्सिजन भरपूर लागतो, पाणी बिघडलं की आधी हेच गायब, म्हणजे अर्धा रिपोर्ट इथेच मिळाला. बाटलीत केमिकल टाकल्यावर ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, इथे मस्त गडद बसला.

मग खडकवासला. कांदाभजी झाली, ती चुकवायची नसतात! पण मुद्दा असा की धरणातलं पाणी शहराला आणि कालव्याला जातं, पावसाळा सोडला तर खाली नदीत फारसं काही सुटत नाही, त्यामुळे पुण्यात जे वाहतं ते बहुतेक आपलंच सांडपाणी.

विठ्ठलवाडीला तेच, दगड उलटा केला. खाली काळा गाळ, सडक्या अंड्याचा वास आणि लालभडक अळ्या वळवळतायत, यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही यांचं भागतं. बाटलीतला साका जवळजवळ पांढरा.

आणि गंमत पुढे. भिडे पुलापाशी भर दुपारी एका हिरव्यागार संथ पाण्यात मीटर घातला तर आकडा 5 च्या बराच वर, आंघोळीच्या पाण्याला लिटरला किमान 5 मिलिग्रॅम लागतो, म्हणजे कागदावर नदी पास! पण ही सगळी शेवाळाची करामत, उन्हात ते ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं, त्यामुळे खरा आकडा पहाटेचा. दुपारचं एकच रीडिंग घेऊन कोणी नदी सुधारली म्हणालं तर माझा तरी विश्वास बसणार नाही.

मुळा-मुठेच्या संगमाजवळ शेकाट्या पक्ष्यांचा थवा होता, लांब गुलाबी पाय, काठावर कॅमेरेवाल्यांची गर्दी, एक काका म्हणाले बघा किती पक्षी आलेत, पाणी चांगलं झालं असणार. अहो काका, ते त्याच लाल अळ्या खातायत. त्यांना ट्रे दाखवला, त्यांनी नाक धरलं पण फोटो काढला.

बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते मोजायच्या बाटल्या आता 27 अंशांवर 3 दिवस ठेवायच्यात. पुढच्या खेपेला उलटं करणार, पहाटे पाचला भिडे पूल, टेमघर नंतर, आणि भजी परतताना. कोणाला यायचं असेल तर गमबूट स्वतःचे आणा.