पाटासारखा गळा

कान-नाक-घसा विभागात मी दुसऱ्या वर्षाला होतो. रात्री अडीचला कॅज्युअल्टीतून फोन आला. पन्नाशीच्या एक मावशी स्ट्रेचरवर पुढे वाकून बसल्या होत्या, लाळ पदरावर गळत होती. मुलगा म्हणाला, "चार दिवस दाढ ठणकत होती. मिश्री दाबून धरायची."

हनुवटीखाली बोट लावलं. गळवाचा मऊपणा कुठेच नाही, पाटासारखं कडक. जीभ वर ढकलली जाऊन टाळूला टेकत आलेली.

खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंमध्ये मायलोहायॉइड हा पातळ स्नायू झोळीसारखा ताणलेला असतो. तोंडाचा तळ म्हणजे हाच. पहिल्या दाढेपर्यंतची मुळं बहुधा या झोळीच्या वर संपतात, दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची खाली. त्यामुळे त्या दाढांचा पू थेट गळ्यात उतरतो आणि स्नायूच्या मागच्या मोकळ्या कडेला वळसा घालून जिभेखाली चढतो. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये हा आजार लिहून ठेवला. मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता, बोटाला मात्र त्या रात्री पहिल्यांदा कळला.

कुणीतरी त्यांना सीटी स्कॅनसाठी आडवं करू लागलं. मी ओरडलोच. आडवं केलं की जीभ मागे पडते आणि उरलासुरला श्वासही बंद होतो. दाढदुखीत हनुवटीखाली सूज आली, थुंकी गिळवेना, तर सकाळची वाट पाहू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये बसवूनच, जागा बधिर करून श्वासासाठी गळा उघडायचं ठरलं. सुजेत कंठमणी सापडेना. मॅडम म्हणाल्या, "घाई नको, मधली रेघ सोडू नकोस." बोट खाली सरकवत गेलो तेव्हा क्रिकॉइड या कूर्चेचं अंगठीसारखं कडं लागलं. त्याखाली श्वासनलिकेवर आडवा पडलेला थायरॉइडचा पट्टा वर सारला. सलाइन भरलेल्या सिरिंजची सुई आत घातली, दट्ट्या ओढला आणि बुडबुडे आले. श्वासनलिकाच होती! छेद घेताच खोकल्यासरशी रक्ताचे थेंब माझ्या चष्म्यावर उडाले. नळी बसली. मावशींनी मान मागे टाकली आणि दोन रात्रींनंतर प्रथमच झोपल्या.

मग हनुवटीखालून निचरा केला. पू थोडाच, बाकी घाण वासाचं पाणी. दाढही काढली.

दहाव्या दिवशी मी नळीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "मावशी, बोला." आवाज घोगरा होता. मुलाकडे बघून त्या म्हणाल्या, "म्हशीची धार कोण काढतंय रं?"