पलीकडून आलेले देव

फर्मागुडीच्या गोपाळ गणपतीपुढे नारळ ठेवून निघालो तेव्हा श्रावणाची झड लागली होती. गोव्यातल्या अंत्रूज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, टेकड्या धरत गोल फिरायचं, वाटेतल्या देवांना हात जोडायचे, एवढीच आमची वारी. ओळखीची चार गावची माणसं, टाळ, आणि प्लास्टिकात गुंडाळलेला पखवाज.

मंगेशी झाली. म्हार्दोळला म्हाळसेसाठी जायांच्या फुलांच्या माळा घेतल्या, वेलिंगला लक्ष्मीनृसिंहासमोर पावसानं अडवून ठेवलं. हायवेचा तुकडा नकोसा झाला. ट्रक चिखल उडवत जात होते आणि आमच्यातल्याच एकानं स्पीकरवर सिनेमाच्या चालींची भजनं लावली होती. तोंडानं मी विठ्ठल विठ्ठल म्हणत होते, पण राग आवरत नव्हता. शेवटी सांगितलंच, "दादा, बंद करा ते." तो रुसला. गजर मात्र नंतर छान लागला.

बांदिवड्याकडे जाताना सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढलो. जांभ्यावर शेवाळ, खळग्याखळग्यात पाणी, आणि मधेच सीतेच्या आसवांचे निळे ताटवे. ते बघायला थांबावं तर टाच पेटलेली. भिजलेल्या बुटात फोड आला, फुटला, कातडं सोललं. पुढचे म्हणत होते, "आता जवळच आलं." कुठलं जवळ! पाऊल टेकवलं की डोळ्यांत पाणी येत होतं.

उतारावर एक कुळागर लागलं. पोफळींतून पाट वाहत होता, कडेला कौलारू घर. ओसरीवरच्या आजीनं माझी चाल पाहिली.

"बस गो बाये, पांय दाखय."

मी संकोचले. त्यांनी माझी टाच सरळ स्वतःच्या मांडीवर घेतली. गरम पाण्यानं धुतली, खोबरेलात हळद कढवून निवू दिली आणि जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. मग पेज आणि खारातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. मी खात होते आणि त्या नुसत्या बघत होत्या. इतकं निवांत मला कुणी कित्येक वर्षांत वाढलं नव्हतं. निघताना परसातला नारळ हातात दिला. गुडघ्यांमुळे त्यांना आता रामनाथीला जाता येत नाही. एवढ्या पायानं हे ओझं कसं नेऊ, असं माझ्या तोंडावर दिसलं असावं. म्हणाल्या, "देवाक लेगीत मनशांनीच उखलून हाडला गो." देवालासुद्धा माणसांनीच उचलून आणलंय.

रामनाथ लोटलीचा. मंगेश 1560 साली कुशस्थळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळोशीहून, वेलिंगचा नृसिंह सांकवाळहून. नदीपलीकडे साष्टीत देवळं पाडली जात होती आणि फोंडा 1763 पर्यंत पोर्तुगीजांच्या हाती गेला नव्हता, म्हणून सगळे इकडे आले. लहानपणापासून ऐकलेलं हे सगळं. पण देव आणणाऱ्यांच्या पायांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्यांच्याही टाचा सोलल्या असतील. मागे जाळपोळ, पुढे नदी, आणि खांद्यावरचं खाली ठेवायची सोय नाही. आजींचा नारळ मी पिशवीत टाकला नाही, हातातच धरला.

नागेशी झाली. रामनाथीला आजींचा नारळ ठेवला, कवळ्याला शांतादुर्गेची आरती मिळाली.

सिद्धनाथाच्या डोंगराचा चढ मात्र जीव घेणारा. धुकं, घसरण, चिंधी चिखलानं जड झालेली. कुणाशी बोलू नये असं झालं होतं. पखवाज आता तो रुसलेला गडी वाहत होता. त्यानं न बोलता हात पुढे केला, मी धरला.

माथ्यावर वारा आला आणि धुकं हललं. खाली जुवारी, पलीकडे साष्टी. कुणीतरी बोट दाखवलं, ती लोटली. नदी एवढी रुंद आहे हे बोरीच्या पुलावरून गाडीनं जाताना कधी जाणवलंच नव्हतं. मी मोठ्यानं रडले. सिद्धनाथापुढे त्या अनाम भोयांसाठी डोकं टेकलं.

खाली बोरीच्या नवदुर्गेपाशी, जी बाणावलीहून आली, निम्मे लोक फोंड्याच्या बसची वाट बघत थांबले. तिथेच मी सगळ्यांना सांगितलं: पुढच्या श्रावणात सुरुवात लोटलीहून करायची आणि नदी पायी ओलांडायची. पखवाजवाला म्हणाला, "मी येतो."